नक्कल नव्हे, खतावणी

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची दहा पोती आणली. वजन ५१२ किलो, भाव किलोला १ रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई यांत ५०९ रुपये ५१ पैसे गेले आणि पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे. चेक मिळाला २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. त्या पट्टीची बातमी देशभर गेली.

डेटाबेसच्या लेखात ही पट्टी आणतो, कारण मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये ती एकाच दस्तऐवजात मावते. वर वजन आणि भाव, आत कपातींची यादी. विश्लेषणासाठी अशा लाखो पट्ट्या बिगक्वेरी किंवा क्लिकहाउससारख्या वेअरहाउसमध्ये न्यायच्या असतात. हे काम निव्वळ नकलेचे आहे, एखादे टूल लावले की रात्रीत उरकते, असे आमच्या क्षेत्रातले पुष्कळ लोक मानतात. हा समज मला साफ अमान्य आहे.

वरवरच्या नोंदी उचलल्या आणि आतली यादी मागे राहिली, तर त्या शेतकऱ्याची मिळकत ५१२ रुपये दिसते. यादी उलगडून प्रत्येक कपातीची वेगळी ओळ केली, तर तीन कपातींसोबत वजनही तीनदा उमटते आणि बेरीज १,५३६ किलो भरते. दोन्ही वेळा टूल हिरवी खूण दाखवते. चूक कुठेच झालेली नसते, फक्त उत्तर खोटे असते, आणि त्याच आकड्यांवर उद्या कोणीतरी कांद्याच्या धोरणाची टिपणी लिहितो.

तारखेचेही तसेच. मोंगोडीबी वेळ साठवते ती यूटीसीत, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. कांद्याच्या गाड्या यार्डात रात्रीच येऊ लागतात. १ मार्चला पहाटे तीनला नोंदलेली गाडी, वेअरहाउसमध्ये वेळ न बदलता तारीख काढली तर, फेब्रुवारीच्या आवकेत जाते. पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक नोंद अशी आदल्या दिवसाला चिकटते.

‘शेवटच्या बदलाची वेळ पाहून नवे तेवढे आणू’ हा उपायही अपुरा आहे. चुकीची पट्टी मुळातून खोडली, की तिच्याबरोबर तिची वेळही जाते. नव्यांच्या यादीत ती येत नाही आणि वेअरहाउसमध्ये मात्र कायमची राहते. यासाठीच २०१७ मध्ये मोंगोडीबीच्या ३.६ आवृत्तीत चेंज स्ट्रीम आले. भर, दुरुस्ती, खोडणे, सगळे त्यात क्रमाने कळते. पण तो प्रवाह ज्या ऑपलॉगवर, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवर, चालतो त्याचा आकार मर्यादित असतो. आपली यंत्रणा फार काळ बंद राहिली तर जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून आणावे लागते. हेही आधीच ठरवून ठेवायचे काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुळात न्यायचेच कशाला? अहवाल त्याच डेटाबेसवर चालवा. छोट्या आडतीला हे मी मान्य करतो. काही हजार पट्ट्यांसाठी वेअरहाउस उभारणे म्हणजे खर्चाची हौस. पण पाच वर्षांचा सरासरी भाव काढायला डॉक्युमेंट डेटाबेस सहसा पट्ट्याच्या पट्ट्या वाचतो, तर स्तंभनिहाय साठवणारे वेअरहाउस भाव आणि तारीख एवढेच स्तंभ वाचते. हिवाळ्यात आवक शिगेला असताना, ज्या सर्व्हरवर लिलावाच्या नोंदी होत आहेत त्यालाच अहवालाला जुंपणे हा व्यवहार नव्हे. शिवाय लासलगावचे भाव आणि पावसाची आकडेवारी शेजारी ठेवायची, तर जागा वेगळीच लागते.

मग करावे काय? आपल्या पेढ्यांनी याचे उत्तर संगणकाच्या कितीतरी आधी शोधले होते. व्यवहार घडेल तसा कीर्दीत उतरवायचा आणि मग खात्यांप्रमाणे खतावणीत वळता करायचा. खतावणी ही कीर्दीची नक्कल नसते. कोणती रक्कम कोणत्या खात्याला, हे ठरवणारा दिवाणजी धंदा जाणणारा लागे. आणि खतावणी झाली म्हणून कीर्द कोणी फाडत नसे.

वेअरहाउसमध्येही हेच व्हावे. आलेला दस्तऐवज अख्खा, जसाच्या तसा, आल्याच्या वेळेसह एका तक्त्यात ठेवा. ती कीर्द. उद्या ॲपमध्ये नवी कपात जोडली गेली, एका आडत्याकडून भाव आकड्याऐवजी अक्षरांत आला, तरी काहीच गळणार नाही. त्यावरून पट्ट्यांचा एक तक्ता आणि कपातींचा दुसरा, पट्टी क्रमांकाने जोडलेला. खोडलेली पट्टी पुसू नका, रद्द अशी खूण करा. कोणती नोंद कुठे जाते हे टूलने नव्हे, पट्टी वाचता येणाऱ्या माणसाने लिहून ठरवावे, आणि ते लेखी नियम लेखापालालाही वाचता यावेत. साठवणीचा खर्च थोडा वाढेल. वाढू द्या.

ज्यांच्या हाती आडतीचा, टॉवेल कारखान्याचा किंवा डाळिंब निर्यातीचा असा डेटा आहे, त्या सोलापुरातल्या माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती: मागच्या महिन्याची पोती, नग, पेट्या आणि रुपये मूळ डेटाबेसमध्ये मोजा, वेअरहाउसमध्ये मोजा, आणि ताळा जमेपर्यंत कुणालाही अहवाल देऊ नका.