टक, टकटक आणि घरघर

मराठीच्या व्याकरणात अनुकरणवाचक शब्दांना कोणी कधी मानाचा पाट दिलेला नाही. ‘खटखट’, ‘कुरकुर’, ‘घरघर’ ही मंडळी म्हणजे पंगतीच्या टोकाला बसणारे आश्रित. आम्ही मास्तर लोकही वर्गात त्यांना पाच मिनिटांत वाटेला लावतो. पण दिवाळीच्या सुमारास वणी-दिंडोरीच्या शिवारात याच शब्दांवर एखाद्या घराचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते, असे सांगितले तर शहरातल्या वाचकांना ते अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

सप्तशृंगीच्या गडावरची कोजागरीची यात्रा आटोपते, त्या सुमारास इकडे द्राक्षांच्या छाटण्या जोरात चालू असतात. छाटणीनंतर फुटलेली पाने आणि बारीकसे घड अगदी कोवळे असतात. आपला फराळ तयार होतो तेव्हा त्यांची परीक्षा सुरू होते. एखादी अवकाळी सर आली, पाने रात्रभर ओली राहिली, की डावणी हा रोग बागेत शिरतो. पानावर तेलकट डाग, पानामागे पांढरी बुरशी. आणि घडावर गेला, की घड सुकून गळतो. त्यावर औषधे आता पुष्कळ निघाली आहेत, पण त्यांचा मूळपुरुष म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण. त्याची कथा मोठी गमतीची. फ्रान्समध्ये बोर्डोजवळचे बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळे शिंपडत, ते येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षे चोरून खाऊ नयेत म्हणून! नेमक्या त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने १८८२ साली पाहिले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. चोरांचे उपकार ते असे.

असो. औषध कोणतेही असो, ते वेळेवर फवारले पाहिजे आणि फवारणीला लागतो ट्रॅक्टर. तो शहरवासीयांनी चित्रात पाहिलेला धिप्पाड गडी नव्हे. द्राक्षाच्या दोन ओळींमधल्या आठ-नऊ फुटांच्या वाटेने मांडवाखालून जाणारा, बुटका, अंग चोरून चालणारा. परदेशात बंगल्याभोवतीची हिरवळ कापायला वर बसून चालवायचे एक यंत्र असते. त्याचा हा शेतकरी चुलतभाऊ म्हणावा. एकाचे पेट्रोलवर भागते, दुसऱ्याला डिझेल लागते; पण ज्या दिवशी फार गरज असेल त्याच दिवशी चालू न होण्याचा घराण्याचा गुण दोघांतही उतरला आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याने परवा हकीकत सांगितली. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पाऊस झालेला, वडील आजीच्या उशाशी नाशिकला इस्पितळात, घरी हा आणि आई. पहाटे टाकीत औषध कालवून ठेवले आणि ट्रॅक्टर चालू होईना. शेजाऱ्याचा मागावा, तर त्याचीही बाग ओलीच! कोणी म्हणाले, डिझेलची नळी सोड. याने पाना हातात घेतला होता; तेवढ्यात मिस्तरींचा फोन लागला. त्यांना संध्याकाळपर्यंत यायला सवड नव्हती.

“भाऊ, चावी फिरवली की काय म्हणतो?”

“काहीच नाही, मिस्तरी. नुसतं टक.”

“एकदाच टक, का टकटकटक?”

“टकटकटक.”

“पुढचे दिवे लाव, अन् मग फिरव. दिव्यांचं काय होतं?”

“मंद झाले... गेलेच.”

“मग डिझेलला हात लावू नको. पाना खाली ठेव. बॅटरीकडं जा.”

निदान म्हणतात ते हे! यंत्र अगदीच मुके असेल, तर आधी माणसाकडे पाहावे. पुष्कळ ट्रॅक्टर क्लच पूर्ण दाबल्याशिवाय चालू होत नाहीत; कित्येकांना गियर किंवा फवारणीचा दांडा लागलेला चालत नाही. ती परदेशी हिरवळ कापणारी तर बैठकीवर कोणी बसले नसेल तरीही हूं की चूं करीत नाहीत. टकटक करीत असेल, तर स्टार्टरला पुरेशी वीज पोचत नाही. दिवे मालवले तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडांत. दिवे लख्ख राहून एकच टक आला, तर बहुधा स्टार्टरकडे बोट दाखवावे.

घरघर फिरतो पण पेट घेत नाही, हा तिसरा प्रकार. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडून ते पेटते. तेव्हा धुराड्याकडे पाहावे. धूर मुळीच नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. बंद करण्याची मूठ ओढलेलीच राहिली आहे का, टाकीची चावी उघडी आहे का, हे आधी पाहावे. एकदा टाकी कोरडी पडली असेल, तर नळीत हवा शिरते. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप दाबत बसायचे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. आणि चावी दहा सेकंदांहून अधिक धरू नये, मध्ये थोडा विसावा द्यावा. संतापाने धरून ठेवणारे लोक धडधाकट बॅटरीलाही अंथरुणावर पाडतात.

आमच्या विद्यार्थ्याने नळी सोडली असती, तर एका रोगाचे दोन झाले असते.

त्याने बॅटरीचे झाकण काढले, तो जोडांवर निळसर-हिरवा थर. बॅटरीतल्या आम्लाची वाफ तांब्याला लागून हा थर धरतो आणि गंमत अशी की तोही बराचसा मोरचूदच! टाकीतला बागेला तारतो, जोडावरचा वीज अडवतो. मिस्तरींनी सांगितले तसे त्याने केले. काळी तार आधी सोडली, लाल नंतर, म्हणजे पाना लोखंडी सांगाड्याला टेकून ठिणगी उडत नाही. आईने चकल्यांचे काम टाकून गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून आणला. बॅटरीची बुचे घट्ट आहेत हे पाहून तो ओतला. फसफसून थर सुटला. ब्रशाने घासून, पुसून, लाल तार आधी आणि काळी शेवटी आवळली, वरून व्हॅसलीनचे बोट फिरवले. जवळ कोणी विडी पेटवलेली नाही ना, हे मिस्तरींनी दोनदा विचारले; बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

पहिल्याच फिरकीला ट्रॅक्टर बोलला. अकराच्या आत बाग फवारून झाली, अभ्यंगस्नान त्यानंतर.

मिस्तरी दिवेलागणीला आले, ते थेट पंख्याच्या पट्ट्याकडे. अंगठ्याने दाबला, तर चांगलाच सैल. त्याच पट्ट्यावर बॅटरी भरणारे यंत्र फिरते. पट्टा ताणून त्यांनी हात पुसले, चकली मोडली आणि म्हणाले, “हे राहिलं असतं, तर पाडव्याला परत टकटक होती.”