ढिवराला पाण्याचे भय कसले?

दिवाळीच्या अंकात बुडण्याच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण घरोघर फराळाची ताटे भरतात त्याच दिवसांत, सात बहिणींच्या डोंगरांतला आमचा नवेगावचा बांधही भरलेला असतो आणि ढिवरांचे डोंगे पहाटेच्या धुक्यात जाळी घेऊन आत जातात. त्या डोंग्यात काय असते? जाळे, वल्हे, बिडीचे बंडल. पाणी शिरले तर उपसायला डबा असेलच असे नाही. धरून तरंगायला तर काहीच नसते. याविषयी बोलावे तर समोरचा शहाणा हसून म्हणतो, "मास्तर, ढिवराला पाण्याचे भय कसले? तो पोहतच जन्माला येतो!"

या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. ते ऐकायला स्तुतीचे, पण आहे हात झटकण्याचे. सुतार वाकस उत्तम चालवतो, म्हणून त्याच्या जखमेला पट्टी नको असे कोणी म्हणते काय? फेकजाळ्याची दोरी मनगटाला बांधलेली असते. ते जाळे अडकले की पोहणे तिथेच संपले. पाण्यात कमळाचे देठ, काठाला बेशरमाचे रान. (बेशरम हे आमच्याकडच्या झुडपाचे नाव आहे, टोमणा नव्हे.) थंडीत गोंदियाचा पारा कित्येकदा 10 अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे पाण्यात अवचित पडणाऱ्याचा श्वास आखडतो आणि थोड्या वेळाने हातपाय ऐकेनासे होतात.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. मोठे शास्त्र मला येत नाही, पण पोरांना घालतो तेवढे गणित येते. नावेचा सपाट तळ 4 मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद धरा. त्यात 10 सेंटीमीटर पाणी साचले तर ते 300 लिटर, म्हणजे 300 किलो झाले. चार धडधाकट माणसे न विचारता येऊन बसली म्हणायची! आणि ही माणसे स्वस्थ बसत नाहीत. नाव ज्या अंगाला कलते, त्याच अंगाला धावतात. नाव उलटते ती अशी. म्हणून उपसण्याचा डबा हे वल्ह्याइतकेच आवश्यक साधन आहे. लाकडी नाव पाण्याने भरली तरी बहुधा तरंगत राहते. तिला धरून राहावे, काठ दिसतो म्हणून सोडू नये, हे पोरांना कोण शिकवतो?

2024 च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटून मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया गेल्या. त्याच वर्षी 21 मे रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने होडी बुडाली, तिथेही सहा जण. त्या नावा मासेमारीच्या नव्हत्या खऱ्या, पण पाणी परवाना विचारून आत शिरत नाही.

समुद्रावरच्या मच्छीमाराचे हाल कमी नाहीत. 2009 च्या नोव्हेंबरातले फयान वादळ कोकण विसरलेले नाही. तरी त्याला वादळाचा इशारा मिळतो, तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक आहे. मासेमारी जहाजांच्या सुरक्षिततेसाठी 2012 साली केपटाऊनला आंतरराष्ट्रीय करार झाला, तो 24 मीटर आणि त्याहून लांब जहाजांसाठी. आमचा डोंगा त्यात कुठून बसणार! सरकारी अपघात विम्यात मच्छीमार मेला तर घरच्यांना पाच लाख रुपये मिळतात. मिळावेतच. पण मरणाची किंमत ठरवताना ज्यांनी एवढा विचार केला, त्यांनी जगण्याच्या खर्चाचा हिशेब का मांडू नये?

हा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळींनी घातला, असे परंपरा सांगते. तलाव बांधणारा माणूस पाळ घालतानाच पाणी वाढले तर जाईल कुठून, याची वाट काढून ठेवतो. पाळ मजबूत आहे, तिला पाण्याचे भय कसले, असे तो म्हणत नाही.

मासे विकत घेणाऱ्या मच्छीमार संस्थांनी डबा आणि तरंगते साधन नसलेला डोंगा पाण्यात जाऊ देऊ नये, असा ठराव करावा. जाकिटे येतील तेव्हा येतील. झाकण घट्ट लावलेला 20 लिटरचा रिकामा कॅन दोन माणसांची डोकी पाण्यावर ठेवतो. माझ्या घरी असे तीन पडले आहेत. ज्याला हवे त्याने घेऊन जावे, दोर त्याच्याकडे आहेच.