चुकलेले उत्तर काय सांगते?

कोलकात्याच्या पूर्वेकडील खारी दलदल गाळाने भरून काढून जी वसाहत वसविण्यात आली, ती सॉल्ट लेक, म्हणजेच बिधाननगर. पश्चिम बंगालमधील शालेय परीक्षांचा कारभार येथूनच चालतो. शिक्षण खात्याचे विकास भवन, माध्यमिक मंडळाचे डिरोझिओ भवन आणि उच्च माध्यमिक शिक्षण परिषदेचे विद्यासागर भवन या तिन्ही वास्तू येथेच आहेत. लक्षावधी मुलांच्या गुणांची नोंद येथे होते; परंतु त्यांना काय उमगले आणि काय उमगले नाही, याची नोंद येथे होत नाही, व होणेही शक्य नाही. ते काम वर्गाचे आहे.

परिषदेने २०२४ मध्ये अकरावीपासून सत्रपद्धती सुरू केली. पहिल्या व तिसऱ्या सत्रांत बहुपर्यायी प्रश्न असून तिसऱ्या सत्राची उत्तरे यंत्र तपासते. दुसऱ्या व चौथ्या सत्रांत उत्तरे लिहावी लागतात. नव्या पद्धतीतील तिसऱ्या सत्राची पहिली परीक्षा सप्टेंबर २०२५ मध्ये, तर चौथ्या सत्राची फेब्रुवारी २०२६ मध्ये झाली. या दोहोंमधील अवधी हाच या योजनेतील सर्वांत मोलाचा भाग होय. आणि नेमकी त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

समजा, प्रश्न असा आहे: सरळ वर फेकलेला दगड सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती? अनेक मुले ‘शून्य’ हा पर्याय निवडतात. त्या क्षणी वेग शून्य असतो हे त्यांना ठाऊक असते. वेग आणि वेगातील बदल यांची मात्र त्यांच्या मनात गल्लत झालेली असते. यंत्र ‘चूक’ एवढेच नोंदविते. शिक्षकाला त्याच खुणेत मुलाच्या विचाराची वाट दिसू शकते, आणि तीस मुलांनी तोच पर्याय निवडला असेल, तर दोष मुलांच्या आळसात नसून पाठाच्या मांडणीत असण्याचा संभव अधिक. पुढील सत्राचा अभ्यासक्रम वेगळा असला तरी ही गल्लत आपोआप मागे राहत नाही. ती पुढच्या प्रकरणातही मुलाबरोबर जाते.

मूल्यमापनाचे घडविणारे आणि निवाडा करणारे असे दोन प्रकार मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये स्पष्ट केले. १९९८ मध्ये पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनी पुष्कळ संशोधनाचा आढावा घेऊन पहिल्या प्रकाराने अध्ययन सुधारते असा निष्कर्ष काढला. रूथ बटलर यांचा १९८८ मधील प्रयोग तर प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे. काही मुलांना केवळ गुण, काहींना केवळ लेखी अभिप्राय आणि काहींना दोन्ही देण्यात आले. प्रगती झाली ती केवळ अभिप्राय मिळालेल्यांची. गुण जोडताच अभिप्रायाचा लाभ नाहीसा झाला. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याच्या वहीकडे पाहते, शेऱ्याकडे नाही! अर्थात प्रत्येक अभिप्राय हितकारक असतो असेही नाही. क्लुगर व डेनिसी यांना १९९६ मध्ये असे आढळले की, तपासलेल्या उदाहरणांपैकी एकतृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. ‘हुशार’ काय किंवा ‘निष्काळजी’ काय, दोन्ही शेरे मुलाविषयी बोलतात, कामाविषयी नाही.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा पुरस्कार केला आणि महाराष्ट्राने २०१० मध्ये ते अमलात आणले. हेतू उत्तम होता. परंतु पुष्कळ ठिकाणी त्याचे रूपांतर नोंदवह्या भरण्यात झाले. ज्या नोंदी मुलाच्या हाती कधी पोहोचल्याच नाहीत, त्यांनी मुलाचे शिकणे सुधारावे कसे?

साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक वहीवर सविस्तर लिहिणे शक्य नाही, हा शिक्षकांचा आक्षेप खरा आहे. पण ते आवश्यकही नाही. तास संपताना एक प्रश्न द्यावा, उत्तरे चिठ्ठ्यांवर घ्यावीत आणि चुकीच्या जातीप्रमाणे त्यांचे तीन-चार गठ्ठे करावेत. एका गठ्ठ्याला एकच अभिप्राय पुरतो. दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटे मुलांनी आपले उत्तर स्वतः सुधारण्यासाठी राखून ठेवावीत. ही दहा मिनिटे वेळापत्रकात मुख्याध्यापकांनीच काढून दिली पाहिजेत. सॉल्ट लेकहून निघणाऱ्या कोणत्याही परिपत्रकाने ती मिळणार नाहीत.