वैद्यकीय शिक्षणापूर्वीं रुग्णसेवा

दहावीचा निकाल लागला कीं आमच्या शाळेंतील हुशार विद्यार्थ्यांपैकीं बरेचजण ‘आम्ही डॉक्टर होणार’ असें सांगूं लागतात, आणि त्यांचे पालकही तें अभिमानानें बोलून दाखवितात. आकांक्षा थोर आहे. परंतु या मुलांपैकीं रुग्णाच्या खाटेशेजारीं सलग तासभर कितीजण बसले आहेत, असें विचारल्यास बहुधा कोणी उत्तर देत नाहीं. ज्या व्यवसायांत सारें आयुष्य घालवावयाचें, त्याचें दर्शनही न घेतां त्याची निवड करावी, हें आम्हांस विचित्र वाटतें. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी चढण्यापूर्वीं प्रत्येक इच्छुक विद्यार्थ्यानें कांहीं दिवस एखाद्या रुग्णालयांत विनावेतन सेवा करावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

प्रवेशाची आजची रीत सर्वांस ठाऊक आहे. ‘नीट’ परीक्षा ७२० गुणांची. पैकीं जीवशास्त्रास ३६०, आणि पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांस प्रत्येकीं १८०. सर्वांस एकाच मापानें मोजणारी परीक्षा असावी, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु त्या ७२० गुणांत धीरास, कनवाळूपणास, अथवा रक्त व दुर्गंधी पाहून न डगमगणाऱ्या मनास एकही गुण ठेविलेला नाहीं. अमेरिकेंत वैद्यकीय महाविद्यालयें अर्जदाराचा रुग्णालयांतील अनुभवही पाहतात. आपल्याकडे तसें नाहीं. मग या सेवेचा उपयोग काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें ज्या सेवेनें एकही गुण वाढत नाहीं, तीच मुलाची खरी ओढ दाखविते.

आपल्याच प्रांताचा इतिहास पाहा. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें, आणि त्यानंतर, १८९७ सालीं, वैद्यकीय शिक्षणाची शाळा काढली. आधीं रुग्ण आणि मग वर्ग, हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं कार्य आरंभिलें, आणि खेड्यांतील अल्पशिक्षित, कित्येक निरक्षरही, स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. रुग्णाविषयींचा कळवळा व निरीक्षणशक्ति केवळ पुस्तकांनीं येत नाहीं, याचा याहून उत्तम दाखला कोणता? खुद्द वैद्यकीय अभ्यासक्रमानेंही २०१९ सालापासून पहिल्याच वर्षीं विद्यार्थ्यास रुग्णाजवळ नेण्याची योजना स्वीकारली आहे.

आतां शाळकरी मुलानें तेथें करावयाचें काय? कामें साधीं आहेत. वृद्धास हात धरून क्ष-किरण विभागापर्यंत न्यावें. निरक्षर मातेस केसपेपर वाचून दाखवावा. औषधाच्या खिडकीपुढें रांगेंत उभें राहावें. एकट्या पडलेल्या रुग्णास पाणी द्यावें, परंतु तेंही परिचारिकेस विचारूनच, कारण शस्त्रक्रियेपूर्वीं एक पेला पाणीही घातक ठरूं शकतें. या शेवटच्या एका गोष्टींतच शिस्तीचा केवढा धडा आहे! शिवाय डॉक्टर फेरी करून गेल्यावर रात्रंदिवस रुग्ण कोण सांभाळतें, हेंही कळतें. परिचारिका, आया व सफाई कामगार यांस मान देण्यास जो येथें शिकला, तो पुढें उद्धट डॉक्टर होणार नाहीं.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. सुई, जखमेची पट्टी, औषधाची मात्रा यांस विद्यार्थ्यानें हात लावूं नये. पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या व निळ्या कचरापात्रांचा अर्थ समजून घ्यावा, परंतु त्यांस शिवूं नये. रुग्णाचें छायाचित्र घेऊं नये. त्याचें नांव व व्याधि घरींही सांगूं नये. गरीब रुग्ण हा आमच्या मुलांच्या शिक्षणाचें साधन नव्हे. पाहण्यापूर्वीं त्याची संमति घ्यावी, व त्यानें ‘नको’ म्हणतांच बाहेर यावें. प्रमाणपत्रासाठीं जाणाऱ्यानें तर घरींच बसावें.

पालकांचे आक्षेप आम्ही जाणतों. अभ्यासाचा वेळ जाईल, हा पहिला. दहावीच्या परीक्षेनंतर लांब सुटी असते. तींतील तीन आठवडे, रोज दोन तास, हा खर्च जड नाहीं. रोगसंसर्गाचें भय हा दुसरा, आणि तो रास्त आहे. म्हणून क्षयरोग्यांच्या किंवा इतर सांसर्गिक रोग्यांच्या विभागांत मुलांस पाठवूं नये, लसी टोंचलेल्या असाव्यात, हात धुण्याची रीत प्रथम शिकवावी, आणि पालकांची व रुग्णालयाच्या अधीक्षकांची लेखी परवानगी असावी. जवळ रुग्णालय नसेल, तर घरांतील अंथरुणास खिळलेल्या आजीची शुश्रूषा मुलानें स्वतः करावी. तीही सेवाच आहे.

कोणी म्हणेल, हें पाहून मूल घाबरलें व बेत बदलला तर? तर फार उत्तम झालें! सतराव्या वर्षीं कळलेलें सत्य स्वस्त असतें. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, वर्षभराची आंतरवासिता आणि बापाची कर्जाऊ रक्कम खर्ची पडल्यावर कळलेलें तेंच सत्य फार महाग पडतें. शिवाय कोणास परिचारिकेचें, कोणास प्रयोगशाळेंतील वा भौतिकोपचाराचें काम अधिक आवडेल. तीं कामें कमी प्रतीचीं आहेत, असें मानणें सोडून द्यावें.

विद्यार्थिमित्रहो, पाठ्यपुस्तकांत हृदयाचे चार कप्पे तुम्हीं रेखाटले आहेत. ज्याचें हृदय भीतीनें धडधडत आहे अशा माणसाजवळही थोडा वेळ बसून पाहा. तेथून उठतांना ‘उद्यां पुन्हां यावें’ असें ज्यास मनापासून वाटेल, त्यानें खुशाल डॉक्टर होण्याची तयारी करावी.