हजेरीपत्रकात नसलेला रकाना

हिवाळ्यात फजरच्या नमाजसाठी घराबाहेर पडलो की माहीमच्या वाड्यांत कधी कधी एक उग्र वास येतो. मशिदीच्या पायरीवर कुणीतरी म्हणतो, "आज बोईसरकडचा वारा आहे." सगळे मान हलवतात आणि आत जातात. ऊन चढले की वास विरतो आणि त्याबरोबर विषयही संपतो.

पहाटेच वास का येतो, हे मी वर्गात मुलांना समजावतो. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वरच्या उबदार हवेखाली अडकते. धूर वर जात नाही, खालीच साचतो. म्हणूनच दुपारी घेतलेल्या एखाद्या मोजमापावरून पहाटेची हवा कळत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील १०० औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. हवा, पाणी आणि जमीन मिळून तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. असा पहिला नंबर कोणत्याही गावाला नको असतो. या निर्देशांकात माणसांच्या आरोग्यालाही गुण असतात, आणि ते रुग्णालयांतील नोंदींवरून ठरतात. म्हणजे ज्या आजाराची नोंद झाली नाही, तो हिशेबात येतच नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. पाण्याच्या प्रदूषणावर अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली, कारण कोळी बांधवांना जाळ्यात नुकसान दिसत होते. हवेचे नुकसान असे डोळ्यांना दिसत नाही. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात जातात. दमा बळावतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. मुले मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात, त्यामुळे वजनाच्या मानाने त्यांच्या वाट्याला हे विष जास्त येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम सुचवली, आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आपल्या जिल्ह्यातून वसई-विरार आहे, बोईसर-तारापूर नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या दप्तरात पुस्तकांसोबत दम्याचा पंप असतो. थंडीत तो वरचेवर गैरहजर राहतो. चिठ्ठीत लिहिलेले असते, "तबियत खराब है." मी हजेरीपत्रकावर खूण करतो आणि पुढे जातो. गैरहजेरीच्या कारणासाठी त्यात रकानाच नाही. इतकी वर्षे मीही तो आखला नाही, ही माझी चूक.

कारखाने बंद करा, असे मी म्हणत नाही. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील तिथेच कामाला जातात, त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. पण धूर आधी त्यांच्याच छातीत जातो. रोजगार हवा की श्वास, असा सौदा कामगारापुढे ठेवणेच अन्याय आहे. धुराड्यावर शुद्धीकरण यंत्रणा बसवणे आणि ती रात्रीही चालू ठेवणे हा मालकाचा खर्च आहे, मजुराच्या मुलाचा नव्हे.

हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे एकमेकांवरील हक्क, यावर आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. शेजाऱ्याच्या श्वासाचा हक्क त्यात येत नाही का?

यंदा मी वेगळी वही केली आहे. तारीख, वास होता की नाही, आणि किती मुले खोकला किंवा धाप लागल्यामुळे आली नाहीत, एवढेच लिहितो. मुलांची नावे त्यात नसतात. उर्दू असो वा मराठी, परिसरातल्या प्रत्येक शाळेने असे केले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी दम्याच्या रुग्णांचे महिन्याचे आकडे गावात लावले, तर ग्रामसभेत आपल्याकडे नुसती तक्रार नसेल, हिशेब असेल. शिक्षक असाल तर उद्याच एक रकाना आखा.