कोरियाचा परतलेला भात आणि पोषणाचे राजकारण

आंबवलेल्या कोबीची किमची घालून परतलेला भात, अर्थात ‘किमची बोक्कुमबाप’, हा दक्षिण कोरियातील उरल्यासुरल्या अन्नाचा पदार्थ. आपल्या फोडणीच्या भाताचा सख्खा भाऊच म्हणा ना! आज मात्र या भाताकडे तेथील कृषिधोरणाच्या चष्म्यातून पाहावे लागते.

1970 मध्ये कोरियन माणूस वर्षाला सुमारे 136 किलो तांदूळ खात असे. 2024 मध्ये तो 55.8 किलोवर आला. एकेकाळी तांदळाची टंचाई एवढी होती, की 1970 च्या दशकात शिक्षक मुलांचे डबे उघडून भातात सातू मिसळले आहेत की नाही, हे तपासत. तेच सरकार 2017 पासून विद्यापीठीय विद्यार्थ्यांना अवघ्या 1000 वॉनमध्ये सकाळचे जेवण देण्यासाठी अनुदान देते, आणि त्यामागे तांदळाचा खप वाढविण्याचाही हेतू आहे. अतिरिक्त तांदूळ सरकारने खरेदी करावा, या विधेयकावर 2023 च्या एप्रिलमध्ये तत्कालीन अध्यक्ष युन सुक योल यांनी नकाराधिकार वापरला. सुधारित विधेयक संमत होण्यास 2025 चा ऑगस्ट उजाडला.

शेतकऱ्याचे हित ठीक, खाणाऱ्याचे काय? तांदळावर स्थूलतेचे खापर फोडणे सोपे आहे. पण 200 ग्रॅम शिजलेल्या भातातून जेमतेम 260 कॅलरी मिळतात, आणि दोन मोठे चमचे तेल जवळपास तेवढ्याच कॅलरींची भर घालते. वर घातलेले अंडे सुमारे सहा ग्रॅम प्रथिने देते, हे जमेचे. किमचीतले उपकारक जिवाणू मात्र तापलेल्या कढईत टिकत नाहीत. उरतो तो तंतू, स्वाद आणि मीठ.

खरी चिंता त्या मिठाची आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2000 मिलिग्रॅमहून कमी सोडियमचा सल्ला देते. कोरियन माणसाचे सेवन गेल्या दशकात बरेच घटले, तरी ते 3000 च्या पुढेच आहे. किमची, गोचुजांगची तिखट चटणी, सोया सॉस आणि हॅम एकाच ताटात आले, की दिवसाच्या मर्यादेचा मोठा वाटा तिथेच संपतो. घरी कढईपाशी उभा असलेला माणूस सोया सॉसची बाटली आवरू शकतो. गोठवलेल्या तयार भाताच्या पाकिटात ते प्रमाण कारखान्यानेच ठरवलेले असते. तांदळाचा खप वाढविण्यासाठी मात्र सरकारची भिस्त अशाच प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर वाढते आहे.