कैराली अजून परतलेली नाही

30 जून 1979. लोहखनिज भरलेले ‘कैराली’ हे केरळचे मालवाहू जहाज गोव्यातील मुरगाव बंदरातून जिबूतीमार्गे पूर्व जर्मनीतील रोस्टॉककडे निघाले. भर पावसाळा होता, समुद्र खवळलेला. 3 जुलैनंतर त्याचा एकही संदेश आला नाही. जवळपास पन्नास माणसे जहाजासह नाहीशी झाली.

लोहखनिज अतिशय जड असते. वीस हजार टन माल भरला तरी गोदाम निम्म्याहून अधिक रिकामेच राहते. त्या पोकळीत पाणी शिरले, तर मदतीची हाक देण्याआधीच जहाज तळ गाठू शकते. 1980 मध्ये जपानजवळच्या वादळात बुडालेल्या ‘डर्बीशायर’ या ब्रिटिश जहाजावरही लोहखनिजच होते. 44 जण गेले. त्यांचे नातेवाईक गप्प बसले नाहीत. 1994 मध्ये सुमारे चार किलोमीटर खोलीवर जहाजाचे अवशेष सापडले, त्यानंतर दोष खलाशांच्या माथी मारला गेला, पण फेरचौकशी झाली आणि तो ठपका पुसला गेला.

कैरालीच्या कुटुंबांना एवढेही मिळालेले नाही.

आज भारत सहा हजार मीटर खोल जाणारे ‘मत्स्य’ यान बांधत आहे. सरकारने कैरालीचा शोध पुन्हा हाती घ्यावा.